ट्रेलरच्या जमिनीतलं चौकोनी झाकण

हार्यू कॉर्नर, अप्पर मिशिगन
ऑगस्टअखेर

तीर्थरूप आयली मावशीस,

एल्डनचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाही. सध्या मला सरळ उभंच राहता येत नाही. प्लायवूडचे जड तक्ते उचलून पाठ धरली आहे, असं मी सगळ्यांना सांगतो.) तुझा नवा खुबा कसा आहे? काठी सुटली का? ॲरिझोनात म्हणे तुम्ही लोक सकाळी उठल्याउठल्या पडदे लावून घेता, म्हणजे ऊन आत येऊ नये. इथे आम्ही वर्षातले नऊ महिने उन्हाची वाट बघत पडदे उघडे ठेवतो, त्यामुळे हे ऐकून लॉर्नाला तुझा हेवाही वाटला आणि दयाही आली. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या बाई अजून पत्त्यांत लबाडी करतात का? करत असल्या तर करू दे, पण जिंकू देऊ नकोस. लॉर्ना खुशाल आहे, टोमॅटो भरपूर आलेत, आणि मुख्य म्हणजे ती माझ्याशी बोलते आहे. मधे काही दिवस बोलत नव्हती. ते का, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. पण आधी सुरुवातीपासून सांगतो.

शेत विकताना तू गोठ्यामागचा तो जुना ट्रेलर आम्हाला देऊन टाकलास. म्हणाली होतीस, पडदे बदला, रंग लावा, गाडीला मागे जोडा आणि पोटभर भटका. आमचाही विचार पडद्यांपुरताच होता. मापं घ्यायला लॉर्ना स्टुलावर चढली, तर स्टुलाचा एक पाय हळूच जमिनीत गेला आणि परत आलाच नाही. मी म्हटलं, स्टूल जुनं आहे. ती म्हणाली, जमीन कुजली आहे. आता जन्मभर शाळेत बँड शिकवलेल्या माणसाला कोणी चुकीचा सूर ऐकवला की तो काय करतो? बरोबर काय ते वाजवून दाखवतो. मी त्याच जागी जाऊन दोन्ही पायांनी ठाण मांडलं आणि जमीन किती भक्कम आहे ते दाखवायला टाच आपटली. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. वर मी ट्रेलरमध्ये, खाली पाय मिशिगनच्या गवतात. खरं सांगतो, दुखण्याआधी मला गंमत वाटली. आपलाच पाय आपल्याला न दिसता दुसऱ्याच जागी गार वाऱ्यात उभा आहे, ही भावना मला साठीपर्यंत ठाऊकच नव्हती.

नेमके तेव्हा ओन्नी पेल्टो रस्त्याने चालले होते. (आपले ओन्नीकाका, ज्यांनी गावातल्या निम्म्या पुरुषांची डोकी जन्मभर भादरली. आता दुकान बंद केलंय, पण माणूस समोर आला की अजून त्याच्या कानांमागे बघतात.) त्यांना ट्रेलरखाली एकटाच उभा असलेला तपकिरी मोजा दिसला. ते थांबले, वाकले आणि मोज्याला म्हणाले, "एल्डन, हा पाय तुझा का?"

"माझाच, ओन्नीकाका."

"बरं," म्हणाले, आणि पायरीवर बसले. त्या दिवसापासून रोज येतात.

आता ही ट्रेलरची जमीन म्हणजे काय प्रकरण आहे ते तुला सांगायला हवं, कारण तू तिच्यावर वर्षानुवर्षं झाडू मारलास तरी तिचं पोट पाहिलं नसशील (असं मला तेव्हा वाटत होतं). सगळ्यात वर तपकिरी गालिचा. त्याखाली हिरवे-पांढरे चौकोन. त्याखाली पिवळं लिनोलियम, ज्यावर कोणीतरी गरम तवा ठेवला होता. तो डाग बघून मी बराच वेळ विचार करत बसलो की त्या दिवशी काय शिजत होतं. या सगळ्याखाली प्लायवूडची मूळ जमीन, तिच्याखाली लोखंडी सांगाडा आणि त्याखाली देवाची जमीन. प्लायवूडची दशा म्हणशील तर कॉफीत बुडवून विसरलेल्या निसू पावासारखी. लॉर्नाने कोपऱ्यातला तुकडा चमच्याने काढला. मागच्या खिडकीतून जे पाणी काही दशकं झिरपत होतं, ते सगळं या जमिनीने मुकाट्याने पिऊन घेतलं होतं.

बदलायची तर बदलू, त्यात काय, असं मी म्हटलं. पण मावशी, ज्याने हा ट्रेलर बांधला त्याने आधी सांगाड्यावर जमीन टाकली, मग जमिनीवर भिंती उभ्या केल्या आणि भिंतींवर छप्पर ठेवलं. म्हणजे जमीन काढायची तर अख्खं घर तिच्या डोक्यावर उभं. हे मला कळलं तेव्हा मी मागच्या अर्ध्या भागाची जमीन उपसून काढली होती, आतल्या फळ्या मोकळ्या केल्या होत्या आणि मोठ्या समाधानाने एका आडव्या लोखंडी पट्टीवर बसून सफरचंद खात होतो. कुठूनतरी उसासा टाकल्यासारखा आवाज आला. भिंती दोन बोटं खाली बसल्या आणि दार चौकटीत घट्ट आवळलं गेलं. ओढलं, ढकललं, खांदा लावला, काही नाही. खिडक्या तर अशा की मांजर जाईल, मी नाही. लॉर्ना गावात गेलेली. शेवटी लक्षात आलं की ज्या घराला जमीनच नाही त्यात माणूस अडकूच शकत नाही. मी सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमधून खाली उतरलो, आडवा झालो आणि सरपटत बाहेर आलो, तो थेट ओळखीच्या बुटांसमोर. ओन्नीकाकांनी वाकून बघितलं.

"आज सगळाच आलास," म्हणाले.

भिंती उचलायला काय वापरावं यावर आमचं बराच वेळ चाललं. मी गाडीचा जॅक म्हणत होतो. ओन्नीकाका घरी गेले आणि हातगाडीवर घालून आपली केस कापायची खुर्ची घेऊन आले. तीच ती, लाल गादीची, पायाने दांडा दाबला की वर चढणारी. तिच्या हातांवर आडवी तुळई, तुळईवर भिंतीची कड, आणि काका पायाने हप-हप दाबताहेत. तुझा ट्रेलर दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकासारखा इंचाइंचाने वर चढला, मावशी. दार आपोआप उघडलं. तुमच्या लग्नाच्या दिवसापासून अर्वोकाका जाईपर्यंत त्यांचे केस याच खुर्चीत कापले जायचे, हेही ओन्नीकाकांनी सांगितलं. मग जरा वेळाने विचारलं, "आयलीचा खुबा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. "बरं," म्हणाले. मी म्हटलं, किती माणुसकी आहे या माणसात.

नव्या जमिनीचं तुला थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. जुना तुकडा नव्या प्लायवूडवर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि तसाच कापायचा, इतकं सोपं काम. पण जुन्याच्या वरच्या अंगाला चिकट गोंद होता, म्हणून ओन्नीकाका म्हणाले, तोंड खाली करून ठेव. (की तोंड वर? आता दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतो.) कापून आत नेला तर डाव्या हातमोज्यात उजवा हात घालावा तसं झालं. चाकासाठीची खाच बरोबर उलट्या बाजूला. लॉर्ना दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"सुंदर झालंय," म्हणाली. "आता चाक तिकडे कधी नेताय दोघं?"

शेवटी तक्ता उलटा करून बसवला. चपखल बसला. फक्त त्याची गुळगुळीत, गाठ नसलेली, पैसे जास्त देऊन आणलेली बाजू आता खाली गवताकडे तोंड करून आहे.

आता मुद्द्याचं. पुढच्या भागातलं, सोफ्याखालचं लिनोलियम मी उचललं, आणि खाली एक झाकण निघालं. हातभर लांब, हातभर रुंद, चौकोनी, नीट रंधा मारलेलं, पितळी बिजागऱ्या, उचलायला चामड्याचा पट्टा. उघडलं की खाली सरळ गवत. मावशी, त्या दिवशी मी दुसरं काही केलंच नाही. झाकण उघडायचो, बघायचो, मिटायचो, पुन्हा उघडायचो. कोणी आणि कशासाठी केलं असेल? केर खाली लोटायला, ही लॉर्नाची कल्पना. पण केरासाठी पितळी बिजागऱ्या कोण लावतं? कॅनडातून चोरून दारू आणायला, ही माझी. पण अर्वोकाका तर ताकाचा दुसरा पेलाही नको म्हणायचे. मग म्हटलं, प्रवासात चाकांवर लक्ष ठेवायला असेल. त्यावर लॉर्ना म्हणाली, "चालत्या ट्रेलरात पालथं पडून चाक बघायचं, एवढाच उद्योग उरला होता का तुमच्या घराण्यात?"

म्हणून मी खाली शिरलो. झाकणाच्या चारी बाजूंनी पत्र्याची छोटी भिंत खाली सोडलेली होती आणि पत्र्यावर, जुन्या डांबरात, काहीतरी चमकत होतं. नखाने काढून वर दिलं. लॉर्नाने उन्हात धरलं. टिकलीएवढं, पातळ, पारदर्शक. माशाचं खवलं!

तुझ्या ट्रेलरमध्ये मासा! जिने माझ्या वडिलांना परसात मासे तळताना पकडून तव्यासकट रस्त्यावर घालवलं होतं, तिच्या ट्रेलरमध्ये! बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणं म्हणजे आळशी पुरुषांचं प्यायचं निमित्त आहे, असं चर्चच्या महिला मंडळात उभं राहून सांगणारी तूच ना? लॉर्ना म्हणते, त्या भाषणानंतर गावातले नवरे तुला बघून रस्ता बदलायचे. मला वाटलं, बिचारे अर्वोकाका. तुला चोरून, एकटेच, या भोकातून गळ टाकून बसत असतील. मला त्यांची इतकी कणव आली की कॉफी प्यायला आलेल्या ओन्नीकाकांना मी झाकण दाखवलं आणि म्हटलं, बघा, तुमच्या मित्राचं गुपित सापडलं. काकांनी झाकणाकडे पाहिलं, अर्धा कप कॉफी तशीच ठेवली आणि घरी निघून गेले. कॉफी ठेवून गेलेला फिनिश माणूस कधी कोणी पाहिलाय! लॉर्ना डॉक्टरांना बोलावायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी आले ते केस ओले करून, भांग पाडून.

"अर्वोचं नाही ते," म्हणाले.

"मग कोणाचं?"

"आयलीचं."

मग, मावशी, ओन्नीकाका बोलले. सलग बोलले. मला ते सगळं तुला परत सांगायची गरज नाही, पण मला काय कळलं ते तुला कळायला हवं म्हणून सांगतो. दर फेब्रुवारीत अर्वोकाका ट्रॅक्टरने ट्रेलर ओढत तळ्याच्या पलीकडच्या, कोणी न जाणाऱ्या वळणात नेऊन बर्फावर उभा करायचे. गावात सांगायचं, लॅन्सिंगला बहिणीकडे चाललो. (बहीण म्हणजे माझी आई! आणि आम्ही लॅन्सिंगला बसून म्हणायचो, आयली हिवाळ्यात कधी येत नाही.) पडदे लावायचे, शेगडी पेटवायची, झाकण उघडायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि तू गळ टाकून बसायचीस. अर्वोकाकांना मासा म्हणून कधी लागला नाही. ते नुसते पाण्यात बघत बसायचे आणि काहीतरी बोलून तुला हसवायचे. लांब आपल्या मासेमारीच्या झोपडीत एकटेच बसलेल्या ओन्नीकाकांना ते हसू बर्फावरून ऐकू यायचं. मासे घरी नेता यायचे नाहीत, म्हणून सगळे तू त्यांना द्यायचीस.

"एवढे मासे मिळायचे?" मी विचारलं.

"मला वसंतापर्यंत पुरायचे," म्हणाले. "चांगली धरायची." मग खाली बघून, "हसायचीही चांगली."

यावर मी फक्त म्हटलं, अरे वा.

आता भांडणाचं. मी जाहीर केलं की नव्या जमिनीतही झाकण हवं. लॉर्नाने हातोडी खाली ठेवली. म्हणाली, उन्हाळाभर या ट्रेलरची भोकं बुजवतेय, गुडघ्यांना घट्टे पडले, आणि आता नव्या कोऱ्या जमिनीला तू हौसेने भोक पाडणार? थंडी येईल, उंदीर येतील, पाणी येईल, पुन्हा कुजेल. मी म्हटलं, हा इतिहास आहे. ती म्हणाली, इतिहासात उंदीर येत नाहीत का? मी आणखीही काही म्हटलं (ते इथे लिहीत नाही), आणि मग बोलणं बंद. मी बाहेरच्या पायरीवर बसून मांस-बटाट्याची थंड पेस्टी खायचो, ती आत गरम. ओन्नीकाका मधे बसून दोघांकडची कॉफी प्यायचे. खरं म्हणजे भांडण झाकणाचं नव्हतंच. निवृत्त झाल्यापासून मी जे काही बघतो त्यावर बोलत सुटतो, आणि तिला करायचं असतं. आम्ही हा ट्रेलर घेऊन महिनोन्महिने फिरणार होतो, त्या एवढ्याशा जागेत आणि एकमेकांबरोबर. दोघांनाही एकच धास्ती होती आणि दोघांनीही ती बोलून दाखवली नव्हती.

मग एक दिवस ती बिजागऱ्या काढून टाकायला आत गेली आणि बाहेर येईचना. मी डोकावलो तर पालथी पडलेली, डोकं भोकात. "लॉर्ना!" म्हणून ओरडलो.

"हळू!" भोकातून आवाज आला. "खाली ससा आहे. पिल्लंही आहेत."

मी शेजारी आडवा झालो. भोकात दोन डोकी मावत नाहीत, म्हणून आम्ही पाळीपाळीने बघितलं. ती तपकिरी पिल्लं गवताला चिकटून अशी बसली होती की आधी दिसतच नव्हती. मग एकाचा कान हलला, मग दुसऱ्याचा, आणि मग सगळं गवतच कानांचं वाटायला लागलं. वरून आपल्याला कोणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही किती वेळ असे पडून होतो ठाऊक नाही, पण मी त्या सगळ्या वेळात एक शब्दही बोललो नाही. लॉर्नाच्या म्हणण्याप्रमाणे हे लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. शेवटी ती डोकं वर काढून म्हणाली, "बर्फ असताना काय दिसत असेल रे यातून?"

"ठाऊक नाही."

"तुझ्या मावशीला विचार," म्हणाली. आणि पेन्सिल घेऊन नव्या तक्त्यावर तिने स्वतः चौकोन आखला, स्वतः कापला, कडांना तीनदा रंग पाजला आणि उंदीर येऊ नयेत म्हणून झाकणाला रबराची पट्टीही लावली. मला हात लावू दिला नाही.

तेव्हा जमीन आता पुरी झाली आहे. लॉर्नाने तिच्यावर उड्या मारून बघितल्या, ओन्नीकाका खुर्चीसकट जाऊन बसले, मी तर टाचही आपटली. तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात. एक, झाकण दाराकडे उघडायचं की खिडकीकडे? दुसरी, त्या भोकातून बर्फाखाली काय दिसायचं? मासे दिसायचे का, की नुसता काळोख? अर्वोकाका इतका वेळ काय बघायचे? सावकाश लिही, पण सगळं लिही.

खुब्याला जप. औषधं वेळेवर घे.

तुझा आज्ञाधारक (शक्य तितका) भाचा,
एल्डन

ता. क. : तुझं गुपित आम्ही कोणालाही सांगितलेलं नाही. पाद्रीसाहेबांच्या पत्नी फक्त एकदा आल्या होत्या तेव्हा खवलं टेबलावर होतं. त्या महिला मंडळात बोलल्या असतील तर तेवढंच.

ता. क. (लॉर्नाकडून) : मावशी, नमस्कार. पाठीचं खोटं आहे. यांनी एकही तक्ता उचललेला नाही. भिंत कुठवर आली ते बघायला हे खुर्चीत बसले आणि ओन्नीकाकांनी दांडा सोडला. उलटा तक्ताही यांनीच आखला. ससे मात्र खरे आहेत. तुम्हाला सगळ्या टोमॅटोंचा मुरांबा पाठवते.

ता. क. : वर लॉर्नाने लिहिलेलं वाचलं. ते राहू दे. आता खरी विनंती. ओन्नीकाका रोज येतात ते ट्रेलरसाठी, असं मी उन्हाळाभर समजत होतो. लॉर्ना म्हणते, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रोज निघताना विचारतात, आयलीचं पत्र आलं का? मी नाही म्हणतो, ते बरं म्हणतात. परवा विचारलं, ॲरिझोनात फोन नीट लागतो का? काल नवा शर्ट घालून आले आणि झाकणाला पॉलिश करत बसले. तर, मावशी, त्यांना तुझा फोन नंबर देऊ का? नको असेल तर मोकळेपणाने कळव, मी ओढाताण होऊ देणार नाही. छप्पर गळतंय, अजून वर्षभर त्यांना गुंतवून ठेवता येईल.

ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता कळलं की नंबर लॉर्नाने देऊन टाकला आहे. रविवारी चर्च सुटल्यावर ते फोन करणार आहेत. उचल. आधी बराच वेळ काहीच ऐकू येणार नाही. लाइन तुटली समजून ठेवून देऊ नकोस, मावशी. ते बोलायला सुरुवात करत असतील.